भोरड्या कधी गेल्या, कुणी लिहून ठेवलंय का?

कोल्हापुरात पक्षी बघायचा सीझन म्हणजे डिसेंबर-जानेवारी, असं जवळजवळ सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. थंडी पडली की कळंब्याला, रंकाळ्यावर, राजाराम तलावाला कॅमेरेवाल्यांची गर्दी आणि फेब्रुवारी संपून ऊन चटकायला लागलं की दुर्बिणी कपाटात. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. मार्च-एप्रिलमध्ये हिवाळा संपवून उत्तरेला परत जायच्या तयारीत असलेला पक्षी जेवढं काही दाखवतो तेवढं जानेवारीतला दाखवत नाही, आणि नेमकं तेव्हाच बघायला कुणी नसतं.

पिवळा धोबी घ्या. तलावाच्या कडेच्या ओल्या गवतात, म्हशी चरत असतात तिथं, शेपटी वरखाली करत पळणारा चिमणीएवढा पक्षी. हिवाळ्यात तो इतका मळकट असतो की लोक बघून न बघितल्यासारखं करतात. मार्चच्या मध्यावर त्याच गवताशी जाऊन खाली बसा, सूर्य पाठीमागं ठेवा आणि फक्त डोकं बघा. एकाच्या डोक्यावर करड्या पिसांत मधेच काळे ठिपके उगवलेले, दुसऱ्याचं डोकं निळसर राखाडी होत चाललंय, तिसऱ्याच्या भुवया पांढऱ्या स्वच्छ, एखाद्याचं डोकंच पिवळं. पोटाखालचा पिवळा रंग तर हळदीसारखा. हे सगळे पिवळे धोबीच, पण उपजाती वेगवेगळ्या. काळ्या डोक्याचा बाल्कन, तुर्कस्तान ते मध्य आशियाकडचा, गडद राखाडी डोक्याचा स्कँडिनेव्हिया-सायबेरियाच्या उत्तर भागातला, पिवळ्या डोक्याचा व्होल्गा नदी आणि कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतला. जानेवारीत बरेचसे सारखेच दिसणारे हे पक्षी एप्रिलपर्यंत आपापल्या मुलखाचा रंग चढवून उभे राहतात, ते पण आपल्या म्हशींच्या पायात. मला तरी पक्षी बघण्यातलं याच्याइतकं भारी दुसरं काही वाटत नाही.

धोबी पिसं बदलून नवा रंग मिळवतो, भोरडी मात्र पिसं झिजवून मिळवते. भोरडी म्हणजे गुलाबी मैना, काहीजण पळसमैना पण म्हणतात. शाळू दाण्यावर आला की हिचे थवेच्या थवे पडतात, म्हणून आपल्याकडं माळ्यावर उभं राहून गोफण चालवायची पद्धत होती. हिवाळ्यात हिचं अंग मळकट गुलाबी असतं कारण गुलाबी पिसांची टोकं तपकिरी असतात. ही टोकं महिनोन् महिने झिजत जातात आणि वसंतात खालचा झळझळीत गुलाबी आणि डोक्याचा चकचकीत काळा रंग उघडा पडतो. रंग आधीपासून होताच, फक्त झाकलेला होता. पळस, पांगारा, शेवरी फुलली की सकाळी सातच्या आसपास झाडाखाली थांबून बघा, मधासाठी चोच फुलात खुपसताना कपाळावर परागकण लागतात आणि तीच मैना उडून पुढच्या झाडावर जाते, म्हणजे जाता जाता परागीभवनाचं काम पण करून जाते. शाळूचं नुकसान होतं हे खरंच आहे, शेतकऱ्याचा राग काही खोटा नाही, पण उन्हाळ्यात मध्य आशियात हीच भोरडी टोळ आणि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवते हे पण खरं.

आता मुद्दा हा की यांना कळतं कसं, जायची वेळ झाली म्हणून? ऊन वाढलं म्हणून जात असतील असं आपल्याला वाटतं. पण मुख्य सिग्नल उन्हाचा नसून दिवसाच्या लांबीचा आहे. 1920 च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन नावाच्या शास्त्रज्ञानं जुंको नावाचे छोटे पक्षी भर हिवाळ्यात, शून्याखालच्या थंडीत, उघड्या पिंजऱ्यात ठेवले आणि संध्याकाळी बल्ब लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. बाहेर बर्फ, आणि तरी त्यांची प्रजननाची इंद्रियं वसंत आल्यासारखी वाढली. पुढं असं पण कळलं की हा उजेड मोजायला पक्ष्याला डोळेच लागतात असं नाही, कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूच्या आत खोलवर असलेल्या पेशींना थेट जाणवतो.

आपल्याकडं, म्हणजे साधारण 16.7 अक्षांशावर, वर्षातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या दिवसात फरक जेमतेम दोन तासांचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दिवस तासाभरानंच वाढतो. तेवढा बदल पक्ष्याचं शरीर टिपतं, त्याच्या जोडीला शरीरातलं वर्षभराचं घड्याळ असतंच, आणि मग हार्मोन बदलतात, भूक वाढते, चरबी साठायला लागते. वटवटे नावाच्या छोट्या पक्ष्यांतले काही तर लांबच्या उड्डाणाआधी खाऊन खाऊन जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात. एक ग्रॅम चरबीतून पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते आणि ती जळताना थोडं पाणी पण तयार होतं, त्यामुळं एवढ्याशा अंगात नेण्यासारखं दुसरं चांगलं इंधन नाहीच.

आणि म्हणूनच एक गोष्ट मला मनापासून खटकते. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून चिखलात चरणाऱ्या थव्याकडं मुद्दाम चालत जाणं, खडा मारणं. मार्चमध्ये तलावाचं पाणी मागं सरकलं की उघड्या चिखलावर छोटा टिलवा दिसतो. वजन 25-30 ग्रॅम, आणि जायचं कुठं तर आर्क्टिकच्या टुंड्रात. तो शिवणयंत्राच्या सुईसारखा चिखलात टोचत असतो ते प्रवासाचं इंधन भरणं असतं. त्याला दहा वेळा उडवलं तर त्यानं सकाळभर कमावलेलं आपण जाळून टाकतो. लांबून बघा ना, टिलवा कुठं पळून जात नाही.

बरेचसे छोटे पक्षी निघतात रात्री. हवा गार आणि शांत असते, शिकारी पक्षी कमी असतात आणि दिवस खायला मोकळा मिळतो. भोवत्यासारखे शिकारी पक्षी मात्र दिवसा निघतात कारण त्यांना तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा उपयोगी पडते, आणि माळभिंगऱ्या पण दिवसाच, उडता उडता कीटक खात. जायच्या आधी त्या तारेवर ओळीनं बसलेल्या दिसतात.

रात्री दिशा कशी कळते याचा एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी इंडिगो बंटिंग नावाचे पक्षी तारांगणात ठेवले. पिंजरा म्हणजे कागदाचं नरसाळं आणि तळाशी शाईचं पॅड. स्थलांतराच्या दिवसांत पिंजऱ्यातला पक्षी पण रात्री अस्वस्थ होऊन उड्या मारतो, त्यामुळं ज्या दिशेला उडी त्या दिशेला कागदावर शाईच्या पायांचे ठसे. मग त्यांनी काही पक्ष्यांना दिवसाची लांबी बदलून शरीरानं वसंतात आणलं आणि काहींना शरद ऋतूत, आणि दोघांना एकाच वेळी एकच आकाश दाखवलं. वसंतातले उत्तरेला गेले, शरदातले दक्षिणेला! म्हणजे आकाशातले तारे फक्त दिशा दाखवतात, त्यातलं कुठल्या बाजूला जायचं ते शरीर ठरवतं. ताऱ्यांच्या जोडीला सूर्य आणि पृथ्वीचं चुंबकत्व पण पक्षी वापरतात, त्यासाठी डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन कामाला येत असावं असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं.

पण दिवसाच्या लांबीवर चालणाऱ्या या घड्याळात आता एक अडचण झालीय. पृथ्वी तापली तरी दिवसाची लांबी तीच राहते. तिकडं उत्तरेत मात्र वसंत लवकर यायला लागला, झाडांना पालवी लवकर, अळ्या लवकर. पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून नेदरलँड्सला परतणाऱ्या पाइड फ्लायकॅचर या माशीमार पक्ष्याचं नेमकं हेच झालं, पिल्लांना भरवायच्या वेळेला अळ्यांचा बहर ओसरलेला. जिथं अळ्या सगळ्यात लवकर यायला लागल्या तिथं दोन दशकांत या पक्ष्यांची संख्या सुमारे 90 टक्क्यांनी घटल्याचं 2006 साली प्रसिद्ध झालं.

हे तिथल्या शास्त्रज्ञांना कळलं कारण तिथं वर्षानुवर्षं कुणीतरी तारखा लिहून ठेवल्या होत्या. आपल्याकडं थापट्या, भुवई बदक अशी हिवाळी बदकं पहिल्यांदा कधी दिसली याचे फोटो लगेच व्हॉट्सॲपवर येतात, शेवटची कधी दिसली ते कुणालाच माहीत नसतं. आणि ते कळणं अवघडच आहे, कारण येणारा पक्षी डोळ्यासमोर येऊन बसतो, गेलेला दिसत नाही, तो आज नाही आणि उद्या पण नाही असं दोन-चारदा झाल्यावरच लक्षात येतं. त्यामुळं शेवटची तारीख पाहिजे तर तो नसलेल्या दिवशी पण जाऊन 'आज नाही' असं लिहावं लागतं. कळंबा असो, युनिव्हर्सिटीचा परिसर असो नाहीतर घरामागचा ओढा, एकच जागा धरा, मार्च ते मे आठवड्यातून एकदा तरी सकाळी अर्धा तास त्याच वेळेला जा आणि दिसलेला प्रत्येक पक्षी आकड्यासकट लिहा, टिटवी, वारकरी, हळदी-कुंकू बदक सगळं. पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ई-बर्ड ॲपवर टाकलंत तर 'दिसलेले सगळे पक्षी नोंदवले' याला हो म्हणा. तेवढ्या एका होकारामुळं यादीत नसलेला पक्षी खरंच दिसला नव्हता असं धरता येतं आणि तुमची यादी अभ्यासाला जास्त उपयोगी पडते. दुर्बीण 8 बाय 42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) असेल तर उत्तम, नसेल तर बगळे, बदकं आणि भोरड्या नुसत्या डोळ्यांनी पण मोजता येतात.

मे उजाडला म्हणून वही बंद करू नका. बदकं गेलेली असतात, धोब्यांचं गवत रिकामं असतं, पण वळीव होऊन गेला की दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते का बघा, तो दक्षिणेतला हिवाळा संपवून वीण करायला वर सरकत असतो. आणि मेअखेर ते जून, नैर्ऋत्येचं वारं सुटलं की आफ्रिकेकडून चातक येतो, त्याची मात्र पहिली तारीख लिहायची.