शिसं धरून ठेवणारा चोथा

कवळी किंवा कॅप बसवायची असली की दातांचे डॉक्टर आधी जबड्याचं माप घेतात. पाण्यात भराभर कालवलेला गार, मऊ लगदा तोंडात जातो आणि काही मिनिटांत रबरासारखा घट्ट होऊन बाहेर येतो. त्या भुकटीतला मुख्य पदार्थ बहुतेक वेळा अल्जिनेट असतो आणि अल्जिनेट मिळतं समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून. हा लगदा घट्ट का होतो ते कळलं, की कारखान्याच्या सांडपाण्यातलं शिसं शेवाळ कसं पकडतं तेही कळतं, कारण दोन्हीकडचं रसायन एकच आहे.

अल्जिनेट म्हणजे साखरेच्या जातकुळीतल्या रेणूंची लांबच लांब साखळी. तिच्यावर जागोजागी कार्बोक्सिल गट असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. भुकटीत मिसळलेल्या जिप्समातून कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटतात, प्रत्येकावर दोन धन भार. असा आयन शेजारशेजारच्या दोन साखळ्यांमधल्या खळग्यात जाऊन बसतो आणि दोघींना बांधून टाकतो. अंड्यांच्या ट्रेवर दुसरा ट्रे उपडा घातल्यावर मधली अंडी जशी दिसतील, तशी ही रचना. 1973 मध्ये ती सुचवणाऱ्या शास्त्रज्ञांनी तिला नावही अंड्यांच्या पेटीचंच दिलं.

हा खळगा काही कॅल्शियमच्या नावावर लिहिलेला नाही. शिसं, तांबं आणि कॅडमियम यांना अल्जिनेट कॅल्शियमपेक्षा घट्ट धरतं. त्यामुळे शिसं असलेलं पाणी वाळलेल्या शेवाळावरून गेलं की कॅल्शियम उठतं आणि त्या जागी शिसं बसतं. शेवाळ मेलेलं असलं तरी चालतं. त्याला ना ऊन लागतं, ना खत. प्रयोगशाळेत एक ग्रॅम सुकं तपकिरी शेवाळ 200 मिलिग्रॅमच्या आसपास शिसं धरू शकतं. निकेल आणि जस्त मात्र कॅल्शियमपेक्षा सैल बसतात, तिथे एवढी आशा धरू नये.

मग चुना का पुरत नाही? चुना घालून धातू गाळाच्या रूपात खाली बसवणं ही जुनी, भरवशाची रीत आहे आणि धातू भरपूर असेल तेव्हा ती उत्तम चालते. अडतं ते शेवटच्या थोड्याशा धातूपाशी. आपल्याकडे नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, पिण्याच्या पाण्यात 0.01. तिथवर पोचायला आयन बदलणारं रेझिन, म्हणजे पाण्यातला धातू धरून दुसरा आयन सोडणारे कृत्रिम मणी, वापरता येतं, पण धातूचा मुलामा देणाऱ्या लहानशा कारखान्याला ते महाग पडतं.

शेवाळही तसं फुकट नाही. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका पाण्यात उतरून सरगॅसम आणि टर्बिनेरिया ही तपकिरी शेवाळं गोळा करतात, ते अल्जिनेटसाठी विकलं जातं. असा विकाऊ माल सांडपाण्यात घालायचा कशाला? म्हणून मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो चोथा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात शेवाळ शिजवलं की अल्जिनेट विरघळून निघून जातं आणि मागे काळपट गाळ उरतो. खळगेच गेले, आता यात काय राहिलं, असं वाटेल. पण सेल्युलोजच्या धाग्यांत थोडं अल्जिनेट अडकून राहतं आणि कार्बोक्सिल गटही उरतात. ब्रिटिश संशोधकांनी 2001 मध्ये अशा चोथ्यावर कॅडमियमचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि हा टाकाऊ गाळही धातू धरतो हे त्यांत दिसलं.

अडचणी खऱ्या आहेत. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयनच जागा अडवून बसतात. सामू (पीएच) साधारण 4 ते 6 असलेला बरा. कच्च्या शेवाळातून तपकिरी रंग आणि सेंद्रिय द्रव्यं पाण्यात उतरतात, म्हणजे एक घाण काढताना दुसरी घालायची. कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात आधी भिजवलं तर हे पुष्कळ कमी होतं. क्रोमियमचं जास्त विषारी रूप म्हणजे सहा-संयुजी क्रोमियम, त्याची तर तऱ्हाच वेगळी. ते पाण्यात ऋणभारित असतं, त्यामुळे या खळग्यांत बसतच नाही. आम्लधर्मी पाण्यात शेवाळ त्याचं रूपांतर कमी विषारी तीन-संयुजी क्रोमियममध्ये करतं, हे कोरियातल्या संशोधकांनी एक्लोनिया या शेवाळावर दाखवलं. आणि माझ्या मते खरा अडसर वेगळाच आहे: रेझिनचा प्रत्येक मणी सारखा असतो, शेवाळाची मात्र जात, ऋतू, किनारा बदलला की क्षमता बदलते. कारखानदाराला दर पोत्यागणिक नवा हिशेब परवडत नाही.

जी आम्लता अडथळा ठरते तीच पुढे कामी येते. भरलेल्या चोथ्यावरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं की हायड्रोजन आत शिरतो आणि धातू बाहेर पडतो, थोड्याशा पाण्यात दाट होऊन. तो परत मिळवता येतो आणि चोथा पुन्हा वापरता येतो. शेवटी मात्र तो थकतोच, आणि तेव्हा त्याला घातक कचऱ्याचाच रस्ता. किनाऱ्यावर शेवाळ माडाच्या आळ्यात खत म्हणून घालतात. शिसं प्यालेल्या चोथ्याला त्या आळ्याच्या जवळपासही फिरकू देता कामा नये.