हवेची मानके आणि उद्योगांचे शास्त्रीय आक्षेप

हवेत कोणता प्रदूषक किती चालेल, याची कायदेशीर मर्यादा आरोग्यविषयक संशोधनावर ठरते. ज्यांना ती पाळायची असते ते उद्योग अनेकदा मर्यादेवर बोलण्याऐवजी त्यामागच्या संशोधनावरच हरकत घेतात. हरकत घेणे हे विज्ञानाला पोषकच आहे. पण उत्तर मिळाल्यावरही अंमलबजावणी लांबत राहते, तेव्हा त्याची किंमत श्वास घेणारे मोजतात.

गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. हार्वर्डच्या संशोधकांनी सहा शहरांतील ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षे मागोवा घेतला. धूम्रपानासारखे फरक हिशेबात धरूनही सर्वांत प्रदूषित स्ट्यूबेनव्हिलमधला मृत्युदर सर्वांत स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्के जास्त निघाला. हा अभ्यास १९९३चा. १९९७ मध्ये तिथे पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांसाठी पहिली मर्यादा आली आणि उद्योगांनी मूळ नोंदी मागितल्या. सहभागी लोकांना गोपनीयतेचा शब्द दिलेला होता, म्हणून त्या नोंदी हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटकडे फेरतपासणीला गेल्या. या संस्थेचा साधारण निम्मा खर्च वाहन उद्योगच उचलतो. २००० साली तिच्या पडताळणीतही मूळ निष्कर्ष टिकले. तरीही नोंदी खुल्या नसलेल्या अभ्यासांचे वजन कमी करणारा नियम जानेवारी २०२१ मध्ये आलाच. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने तो रद्द केला.

नाशिककरांना हा वाद एकलहऱ्याच्या धुरांड्यांमुळे जवळचा आहे. तिथल्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये देशभरच्या अशा केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरली. दोन वर्षांची मुदत वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश संचांना धुरातले गंधक काढणारी ‘एफजीडी’ यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेतच असतो, हा युक्तिवाद त्यामागे होता. दोन्ही विधाने खरी आहेत, पण हिशेब अर्धा आहे. हा वायू वाऱ्याबरोबर दूर जाताना सल्फेटच्या कणांत बदलतो आणि पीएम २.५ मध्ये जमा होतो. केंद्राजवळ फक्त वायू मोजला तर तो भाग निसटतो.

परदेशी अभ्यास इथे लागू होत नाहीत, ही दुसरी नेहमीची हरकत. भारतातील ६५५ जिल्ह्यांवरच्या २०२४च्या अभ्यासात पीएम २.५ दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की मृत्युदर ८.६ टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. आपली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५.

२०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. सातपूर-अंबडचे कारखाने, रस्त्यांवरची धूळ, वाहने यांपैकी कुणाचा वाटा किती, यावर इथे सतत वाद होतो. मोजणी मात्र साधी आहे. कोरा फिल्टर तोलायचा, त्यातून २४ तास हवा ओढायची आणि पुन्हा तोलायचा. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत थंड हवा जमिनीलगत धूर धरून ठेवते आणि पांढरा फिल्टर दुसऱ्या दिवशी करडा होऊन निघतो.