पळणारा क्वार्टरबॅक मनाला येईल तेव्हा पळतो का?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकबद्दल, म्हणजे चाल चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूबद्दल, वर्षानुवर्षं फिरणारं वाक्य: “नवख्या क्वार्टरबॅकला पास जमत नाही, म्हणून जागा दिसली की तो पळत सुटतो.”

कधीकधी तसं होतंही. पण त्याच्या बऱ्याच धावा आधीच आखलेल्या असतात, आणि त्यामागे साधी वजाबाकी आहे. चेंडू रनिंग बॅकला, म्हणजे तो घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, देऊन क्वार्टरबॅक बाजूला झाला, की संघातल्या 11 पैकी अडवायला उरतात 9. समोर मात्र 11. म्हणून ‘झोन रीड’ या चालीत बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूला, म्हणजे एंडला, मुद्दाम कुणी अडवतच नाही. क्वार्टरबॅक चेंडू बॅकच्या पोटाशी धरून त्या एंडकडे पाहतो. एंड बॅकच्या मागे आत धावला, तर चेंडू ओढून घ्यायचा आणि त्याने रिकाम्या केलेल्या बाजूने निघायचं. जागीच थांबला, तर चेंडू सोडायचा. नवखा इथेच फसतो: स्नॅपआधीच, म्हणजे चेंडू मागे येऊन चाल सुरू होण्याआधीच, ठरवून टाकतो, किंवा उशिरा ओढतो आणि दोघांच्या हातांतून चेंडू सांडतो.

पडताळायचंय? रिप्ले लावा, चेंडू विसरा. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा राहून चेंडू घेतो त्या मांडणीत, बॅक ज्या बाजूला उभा होता, बहुतेकदा त्याच बाजूचा एंड मोकळा सोडलेला दिसेल.

आकडेही फसवतात. कॉलेजमध्ये सॅक, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडणं, हा त्याचा धावण्याचा प्रयत्न म्हणून मोजला जातो, गेलेले यार्डही तिथूनच वजा होतात. समजा तो 9 वेळा 60 यार्ड धावला आणि 3 सॅकमध्ये 25 गमावले, तर तक्त्यात दिसतं: 12 धावा, 35 यार्ड. त्यातल्या 3 वेळा तो बहुधा पासच शोधत होता.