ऊर्जानिर्मिती उपकरणांचे विकेंद्रित उत्पादन

काही वॅटपासून साधारण शंभर किलोवॅटपर्यंत वीज देणारी उपकरणे, ती जिथे वापरायची त्या परिसरातील लहान कार्यशाळांत, खुल्या किंवा सामायिक आराखड्यांवरून बनवण्याची पद्धत. कारखान्यात बनलेला संच गावात आणून बसवणे यात मोडत नाही.

पद्धतीचा आरंभ काही वेळा १९२० च्या दशकात मोंटॅनातील जेकब्ज बंधूंनी शेतावर बनवलेल्या पवनजनित्रांपासून धरला जातो. मात्र त्यांचे उत्पादन लवकरच मिनीआपोलिसच्या कारखान्यात गेले. त्यामुळे १९७० च्या दशकात नेपाळमध्ये काठमांडूची बालाजू यंत्रशाळा आणि बुटवलमधील कार्यशाळांनी क्रॉसफ्लो टर्बाइन (ज्याच्या चाकातून पाणी पात्यांमधून आरपार जाते असे जलचक्र) बनवायला घेतले, तो टप्पा आरंभ मानणे अधिक योग्य. ही टर्बाइन आधी दळण, भातसडाई आणि तेलघाणीसाठी होती. जनित्र पुष्कळ ठिकाणी मागाहून जोडले गेले.

क्रॉसफ्लोचे श्रेय वादग्रस्त आहे. ऑस्ट्रेलियातील ए. जी. एम. मिचेल यांचे पेटंट १९०३ चे. हंगेरीच्या दोनात बांकी यांनी सैद्धांतिक मांडणी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास केली. जर्मनीच्या फ्रिट्झ ओसबर्गर यांचे पेटंट १९३३ चे. तिन्ही नावे जोडून लिहिण्याचा प्रघात असला, तरी मूळ कल्पना मिचेल यांची मानण्यास आधार आहे. कार्यशाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की याची वक्र पाती पोलादी पाइप उभा चिरून काढता येतात आणि दोन चकत्यांमध्ये वेल्ड करता येतात. ओतकाम लागत नाही. पाणी जास्त असेल तर व्यास तोच ठेवून चाक रुंद करायचे. साचे बदलावे लागत नाहीत.

पवनऊर्जेत स्कॉटलंडमधील स्कोरेग येथील ह्यू पिगट यांचा आराखडा सर्वाधिक पसरला. लाकडी पाती हाताने तासायची, तांब्याच्या तारेची वेटोळी रेझिनमध्ये ओतून स्टेटर (जनित्राचा न फिरणारा भाग) करायचा आणि तो चुंबक बसवलेल्या दोन फिरत्या चकत्यांमध्ये ठेवायचा. स्टेटरला लोखंडी गाभा नसल्याने चक्र अडखळत नाही, मंद वाऱ्यातही सुरू होते. दुखणे निओडिमियम चुंबकांचे: आवरणाला चीर जाऊन दमट हवा शिरली की ते गंजून फुगतात आणि स्टेटरला घासू लागतात. फेराइट चुंबक गंजत नाहीत, पण त्यांच्यामुळे जनित्र बरेच जड होते.

सौरघट स्थानिक कार्यशाळेत बनत नाहीत; तेथे जोडणी व दुरुस्तीच होते, उदाहरणार्थ राजस्थानात तिलोनिया येथे. बायोगॅसमध्ये १९८४ चे ‘दीनबंधू’ संयंत्र गवंडी विटांनी जागेवरच बांधतो.