खुरपं की ट्रॉवेल? जमीन वेगळी, कुंडी वेगळी

ऑनलाइन 'खुरपं' शोधलं की निम्म्या फोटोंत खुरपं नसतंच. हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीचं, टोकाला निमुळतं, मधे खोलगट असं एक छोटं फावडं दिसतं. नर्सरीतही बऱ्याचदा तेच खुरपं म्हणून हातात देतात. ते खरं तर ट्रॉवेल. आपल्याकडच्या ज्वारीच्या रानातलं खुरपं वेगळं: पातं मुठीपासून वाकवलेलं, रुंद, धार लावलेलं, मूठ लाकडाची. दोन्ही एका हाताची अवजारं, दोन्हींनी माती हलते, त्यामुळे कुठलंही एक घेतलं तरी भागेल असं वाटतं. सोलापुरात ते भागत नाही.

कारण हात वेगळा चालतो. खुरपं जमिनीला जवळजवळ आडवं धरून आपल्याकडे ओढायचं असतं. धार मातीच्या वरच्या थरातून, बोटभर खोलीवरून सरकते, तण मुळाशी कापते आणि जाता जाता वरची पापडी फोडते. ट्रॉवेल उभं खुपसायचं आणि माती उचलायची. तो मातीचा चमचाच आहे, त्याला धारेची फारशी गरज नाही. चमच्याने भाजी चिरायला गेलो तर जे होईल तेच ट्रॉवेलने खुरपणी करताना होतं.

आता इथली माती. अंगणातली किंवा बंगल्याच्या कडेची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की या मातीत ट्रॉवेल शिरत नाही. जोर लावला तर पातं आणि मूठ जोडणारी मान वाकते. पत्रा दाबून बनवलेली स्वस्तातली ट्रॉवेलं याच जागी मोडतात. उलट भर पावसात तीच माती पात्याला अशी चिकटते की दर दोन मिनिटांनी काडीने खरवडायला लागतं. दोन्ही अवजारांना हवा असतो तो वाफसा, म्हणजे माती ना चिकट ओली ना कडक कोरडी अशी अवस्था. मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर काम सुरू करा, तसाच चपटा बसला तर एक-दोन दिवस थांबा. हाताला लगदा लागत असेल तर त्या दिवशी मातीला हात लावूच नका, ओल्या मातीत बसलेली ढेकळं पुढे दगड होतात.

अंगणातल्या जमिनीसाठी माझं मत सरळ खुरप्याच्या बाजूने आहे, आणि ते केवळ तणासाठी नाही. 'एक कोळपणी, अर्धं ओलित' असं शेतकरी म्हणतात, म्हणजे पिकात वरवरची माती एकदा हलवली की अर्धं पाणी दिल्यासारखं; ते अंगणालाही लागू पडतं. वरची माती मोकळी केली की भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जायला वाट राहत नाही. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे, त्यातही ओल जमिनीत धरून ठेवण्याच्या अशाच उपायांवर भर राहिला आहे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात मोगऱ्याच्या आळ्यातली हलकी खुरपणी बादलीभर पाणी वाचवू शकते. फक्त गुलाब-मोगऱ्याजवळ हात हलका ठेवा. त्यांची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात, खुरपं खोल गेलं की तणाबरोबर तीही तुटतात.

गच्चीवर मात्र हिशेब उलटा. कुंडीत कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती असं भुसभुशीत मिश्रण असतं. तिथे कापण्यासारखं काही नसतं. भरायचं, उचलायचं, रोप मातीच्या गड्ड्यासकट हलवायचं असतं. दहा इंची कुंडीत खुरपं फिरवायला जागाच नाही, कडेला आपटून प्लॅस्टिकची कुंडी चिरते ते वेगळंच. तिथे ट्रॉवेल घ्या, आणि जमलं तर अरुंद पात्याचं. पात्यावर खोलीच्या खुणा असलेलं मिळालं तर कांदे आणि कंद लावताना अंदाज करत बसावं लागत नाही.

तणांत एक अपवाद आहे, तो न पाळल्याने बरेच जण वर्षानुवर्षं खुरपत राहतात: लव्हाळा. वरून कापला की आठवड्याभरात पुन्हा हिरवा, कारण खाली गाठींची माळ असते आणि प्रत्येक गाठ नवा कोंब काढू शकते. इथे जमिनीतसुद्धा ट्रॉवेल लागतं. वाफशावर रोपाच्या बाजूने उभं खोल खुपसायचं, माती सैल करायची आणि काळपट गाठी हाताने वेचून काढायच्या. हराळीचंही तसंच, तिचा तुकडा राहिला की झालं. घोळ खुरपल्यावर तिथेच टाकली तर ओलीवर परत मुळं धरते. त्यापेक्षा कोवळी असताना उचलून भाजी करावी. गाजर गवताला हातमोजे घालूनच हात लावा, अनेकांच्या कातडीला त्याने खाज सुटते, आणि ते फुलावर येण्याआधी काढा.

घेताना ट्रॉवेलचं टोक फरशीवर टेकवून मूठ खाली दाबा. मान लवली तर परत ठेवा. पातं आणि मान एकाच तुकड्यातली असतील तर जास्त टिकतं. स्टेनलेस स्टीलला सहसा गंज लागत नाही आणि गुळगुळीत असल्याने चिकट मातीही कमी धरते. खुरपं शक्यतो लोहाराकडूनच घ्या. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) घडवलेलं असेल तर उत्तम, त्याची धार लवकर मरत नाही. हातात धरून जमिनीला टेकवून बघा. बोटांची पेरं जमिनीला घासत असतील तर वाक कमी आहे, तासाभरात सालटी निघतील. डावखुऱ्यांनी धार कुठल्या बाजूने काढली आहे ते विचारावं, नाहीतर तीच वेगळी बनवून घ्यावी. आणि गुडघे कुरकुरत असतील तर उकिडवं बसण्याऐवजी बुटका पाट घ्या, खुरपं उभ्याने चालवायचं हत्यारच नाही.

काम झालं की दोन्ही धुऊन कोरडी करा. खुरप्याला खोबरेल किंवा जळकं इंजिन ऑइल फडक्याने पुसून घ्या. बोथट झालं तर कानशीने भागतं; पातं फारच झिजलं तर लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून नवी धार काढून आणा. मूठ हलायला लागली की काही जण खुरपं रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं आणि सकाळी मूठ घट्ट वाटते, पण उन्हात वाळली की आधीपेक्षा ढिली. पाचर ठोका, नाहीतर मूठच बदला.