युक्रेनियन भाषकांसाठी इंग्रजी वर्तमानकाळ

युक्रेनमध्ये जून २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने इंग्रजीला आंतरराष्ट्रीय संपर्कभाषेचा दर्जा दिला. ती शिकताना तिथल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण वर्तमानकाळापाशी येते. इंग्रजीत या काळाची साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण अशी चार रूपे आहेत, युक्रेनियनमध्ये एकच. 'या चितायु' म्हणजे 'मी वाचतो'ही आणि 'मी वाचतो आहे'ही (शिवाय 'वाचते'ही, कारण या काळात लिंगभेद दिसत नाही). कोणता अर्थ घ्यायचा ते 'आत्ता', 'रोज' अशा शब्दांवरून कळते. 'वाचून काढणे' या अर्थाच्या पूर्णत्वदर्शक क्रियापदाला तर वर्तमानकाळच नाही. 'प्रोचितायु' हे रूप दिसते वर्तमानकाळी, पण अर्थ भविष्याचा: 'वाचून काढीन'.

तरीही साधा आणि चालू यांतला फरक या भाषकांना अगदीच परका नाही. गतिवाचक क्रियापदांत तो आयता सापडतो. शाळेच्या वाटेवर असलेले मूल 'इदू' म्हणते. शाळेत रोज जातो, हे सांगताना तेच मूल 'खोजू' म्हणते. पहिल्याचे इंग्रजी 'आय ॲम गोइंग', दुसऱ्याचे 'आय गो'. नियम पाठ करून घेण्यापेक्षा या जोडीपासून सुरुवात करणे सोपे पडते.

'असणे' हे क्रियापद युक्रेनियन वर्तमानकाळात बहुधा गाळतात. 'या स्तुदेंत', शब्दशः 'मी विद्यार्थी', एवढ्यात वाक्य पुरे होते. त्यामुळे इंग्रजीतही 'आय स्टुडंट', 'शी रीडिंग' अशी वाक्ये येतात. युक्रेनियनमध्ये प्रश्नाला आणि नकाराला सहायक क्रियापद लागत नाही: 'दे ती झिवेश?' (तू कुठे राहतोस?) याचे सरळ 'व्हेअर यू लिव्ह?' होते, मधला 'डू' राहून जातो. स्वतःच्या भाषेत पुरुष-वचनाप्रमाणे सहा प्रत्यय बिनचूक लावणारा विद्यार्थी इंग्रजीतला तृतीयपुरुषी एकवचनाचा एकुलता एक 'एस' मात्र विसरतो.

पूर्ण वर्तमानकाळ सर्वांत उशिरा अंगवळणी पडतो. 'पाच वर्षांपासून इथे राहतो' हे युक्रेनियनमध्ये साध्या वर्तमानकाळातच सांगतात, म्हणून 'आय लिव्ह हिअर फाइव्ह इयर्स' असे भाषांतर होते. 'हॅव लिव्ह्ड' सुचत नाही. मराठीतही आपण 'राहतो'च म्हणतो, त्यामुळे ही चूक मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांतही सापडते.