ओटीटीवरील फर्माईश

ओटीटीवरील फर्माईश : एखादा चित्रपट किंवा मालिका स्ट्रीमिंग सेवेवर सापडत नसेल, तर ती तिथे आणावी म्हणून प्रेक्षकाने त्या सेवेकडे केलेली मागणी. मराठीत यासाठी ठरलेली संज्ञा नाही. कोणी ‘टायटल रिक्वेस्ट’ म्हणते, कोणी नुसते ‘त्यांना सांगून ठेवलंय’ म्हणते. या नोंदीत ‘फर्माईश’ हा जुना शब्द घेतला आहे. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड पाठवणाऱ्या, आणि पुढे केबलवाल्याला फोन करून ‘आज रात्री अमुक पिक्चर लावा’ म्हणणाऱ्या माणसाची सवयच आता मोबाइलवर आली आहे. फरक मात्र मोठा आहे. केबलवाल्याकडे कॅसेट असली की पिक्चर लागायचा, हक्क कुणाकडे आहेत हे विचारायला कोणी जात नसे. आजच्या सेवेला हक्कांशिवाय काहीच दाखवता येत नाही, आणि फर्माइशीचे पुढे काय होते हे मुख्यतः तिथेच ठरते.

कोल्हापुरात हा विषय घरगुती आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० चा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच निघाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि जाण्याआधी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट देऊन गेली. रिक्षावाल्याला आजही ‘उमा टॉकीज’ किंवा ‘व्हीनस कॉर्नर’ एवढे सांगितले की पुरते. जयप्रभा किंवा शालिनी स्टुडिओत गर्दीच्या प्रसंगात उभे राहिल्याच्या आठवणी सांगणारी माणसे पेठांमध्ये भेटतात. नातू टीव्हीचा रिमोट हातात घेऊन विचारतो, ‘आज्जी, कुठला पिच्चर लावू?’ आणि आज्जी साठ वर्षांपूर्वीचे नाव सांगते. शोधपेटीत ते नाव टाकले की भलतेच काहीतरी पुढे येते. बहुतेक फर्माइशींचा जन्म असा होतो. नव्या वेब मालिकांच्या फर्माइशीही इथे होतातच, पण त्या बहुधा आपोआप मार्गी लागतात. खरी अडचण जुन्या मराठी चित्रपटांची आहे, म्हणून या नोंदीचा भर त्यांच्यावर आहे.

मागणीचे मार्ग : सर्वांत सरळ सोय नेटफ्लिक्सकडे आहे. त्यांच्या मदत केंद्रात चित्रपट किंवा मालिका सुचवण्याचे स्वतंत्र पान आहे. त्यावर एका वेळी तीन नावे लिहून पाठवता येतात. तेच नाव पुन्हा पुन्हा पाठवण्याची गरज नाही. एका घराने एक नाव वीस वेळा पाठवण्यापेक्षा वीस घरांनी एकेकदा पाठवलेले अधिक उपयोगाचे. इतर सेवांपैकी जिथे असे वेगळे पान नाही, तिथे ॲपमधल्या मदत किंवा अभिप्राय विभागातून, नाहीतर ग्राहक सेवेच्या चॅटवर सांगावे लागते. चॅटवरचा माणूस ‘संबंधित विभागाला कळवतो’ एवढेच म्हणतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या हातात तेवढेच असते.

फर्माईश कुणाकडे करायची हे मात्र आधी नीट पाहावे, कारण चुकीच्या दारात केलेली मागणी वायाच जाते. मराठी चित्रपटांचे डिजिटल हक्क पुष्कळदा दूरचित्रवाणीच्या हक्कांबरोबर एकगठ्ठा विकले जातात. त्यामुळे झी मराठी किंवा झी टॉकीजवर वारंवार लागणारा चित्रपट झी५ वर असण्याचा संभव जास्त, स्टार प्रवाहवरचा जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीवरचा सोनी लिव्हवर. केवळ मराठीसाठी काढलेल्या सेवाही आहेत, उदाहरणार्थ प्लॅनेट मराठी आणि अल्ट्रा झकास. कोणता चित्रपट सध्या कुठे आहे हे एकत्र दाखवणारी जस्टवॉचसारखी संकेतस्थळे भारतातही चालतात, तिथे आधी शोध घ्यावा. प्राइम व्हिडिओवर २०२२ पासून भारतात चित्रपट भाड्यानेही मिळतात, म्हणजे वर्गणीत नसलेला चित्रपट तिथेच वेगळ्या पैशांत असू शकतो. ‘नाहीच’ असे म्हणण्याआधी एवढी खातरजमा झालेली बरी.

फर्माइशीचे पुढे काय होते : ती मोजली जाते. ती हुकूम नव्हे, अर्जही नव्हे. मागणी किती आहे याचा तो एक पुरावा असतो. मान्य झाली की नाही हे कळवणारे उत्तर साधारणपणे येत नाही. एखादे नाव घ्यायचे की नाही हे ठरवताना सेवा तीन गोष्टी पाहते: हक्क मोकळे आहेत का, किती लोक पाहतील, आणि त्या मानाने किंमत किती. प्रेक्षकाची फर्माईश यांतल्या फक्त दुसऱ्या गोष्टीला हात लावते. शिवाय परवाने ठरावीक मुदतीचे आणि ठरावीक देशांपुरते असतात. म्हणून दुबईत नोकरीला असलेल्या कोल्हापूरकराला जो चित्रपट दिसतो तो राजारामपुरीतल्या त्याच्या भावाला दिसेलच असे नाही, आणि गेल्या दिवाळीत पाहिलेला यंदा गायब झालेला असतो. गायब झालेल्या चित्रपटासाठी फर्माईश करणे मुळीच निरर्थक नाही. त्याची तयार फाइल आधीच अस्तित्वात असते, फक्त करार पुन्हा व्हायचा असतो.

हक्कांचा गुंता : भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. दिग्दर्शक कितीही मोठा असो, परवाना निर्मात्याकडून किंवा त्याने ज्याला हक्क दिले त्याच्याकडून घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या चित्रपटांबाबत नेमके इथेच घोडे अडते. निर्मितीसंस्था कधीच बंद पडलेली, वारस तीन गावांत पांगलेले, कुणी हक्क वितरकाकडे गहाण टाकलेले, कुणी तोंडी दिलेले. ओटीटी सेवेला मालकीची अखंड कागदोपत्री साखळी लागते. साखळीतला एक दुवा निसटला तरी तिचा कायदा विभाग पुढे जात नाही.

त्यात २०१२ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाची गोष्ट आणली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर तो करार त्या माध्यमाला लागू होत नाही. जुन्या कागदांत इंटरनेटचा उल्लेख कुठून असणार? म्हणजे हक्क नक्की कुणाचे, हा प्रश्न अशा करारांत नव्याने उघडतो. लेखक-संगीतकारांच्या बाजूने पाहिले तर ही दुरुस्ती न्याय्य आहे. पण तिच्यामुळे जुन्या चित्रपटाच्या परवान्याचे काम वाढते, हेही मान्य करायला हवे.

मुदत संपण्याचा प्रश्न लोक नेहमी विचारतात: इतका जुना पिक्चर, आता कसले हक्क? चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे चालतो. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ १९६५ चा. या हिशेबाने चित्रपट म्हणून त्याची मुदत २०२५ च्या अखेरीपर्यंत. पण कथा, गीते आणि संगीत यांची मुदत निराळी मोजतात, त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. या चित्रपटातली काही गीते कोल्हापूरच्याच जगदीश खेबुडकरांची, ते २०११ मध्ये गेले. संगीत ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांचे, त्या २०२२ मध्ये गेल्या. म्हणजे पडद्यावरचे चित्र मोकळे झाले तरी त्यातले गाणे मोकळे होतेच असे नाही. हे हक्क जुन्या करारांनी कुणाकडे गेले आहेत, हे कागद पाहूनच कळते.

फिल्मचा प्रश्न : हक्क मिळाले तरी दाखवायला चित्रपट हवा. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत. ती फिल्म लवकर पेट घेते, आणि जपून ठेवली तरी कालांतराने विरघळल्यासारखी होते. तिच्यातल्या चांदीसाठी जुन्या प्रती विकल्या गेल्या, धुतल्या गेल्या. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ पेटवला गेला. भारतातले बहुतेक मूकपट आज उरलेलेच नाहीत, ‘सैरंध्री’ही त्यांतच. अशा चित्रपटासाठी हजारो लोकांनी फर्माईश केली तरी कुणालाच ती पुरवता येणार नाही. हे लिहिताना वाईट वाटते, पण वाचकाला खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.

जे उरले आहेत त्यांचीही अवस्था सारखी नाही. निगेटिव्ह एखाद्या लॅबमध्ये बिल थकल्याने अडकून राहिली, आणि फिल्मचा जमाना संपल्यावर लॅबच बंद झाली, असे पुष्कळ चित्रपटांचे झाले. मग हाती राहते ती टीव्हीसाठी केलेली जुनी टेप, चारी बाजूंनी कापलेली आणि कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह असलेली. यूट्यूबवर दिसणाऱ्या अनेक प्रती अशाच असतात. मोठ्या सेवांच्या तांत्रिक अटींत अशी टेप बसत नाही. नव्याने स्कॅन, ओरखडे काढणे, आवाज साफ करणे आणि उपशीर्षके असा सगळा खर्च करावा लागतो, आणि तो कोण करणार हा प्रश्न उरतो. माझ्या मते मराठी फर्माइशी अडतात त्या कंपन्यांच्या अनास्थेने जितक्या, त्याहून अधिक या खर्चाने.

फर्माईश कशी लिहावी : नावाबरोबर वर्ष, दिग्दर्शक आणि भाषा द्यावी. हे उगीच नाही. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ दोनदा केला, १९२५ मध्ये मूकपट आणि १९३६ मध्ये बोलपट. ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित झाला. नुसते नाव लिहिले तर यांतला कोणता हवा हे कोल्हापुरात कळेल, परगावच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला कळणार नाही. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत लिहिलेले चांगले. रोमनमध्ये एकाच मराठी नावाची चार स्पेलिंगे होतात आणि मागण्या चार ठिकाणी विखुरतात, म्हणून घरातल्या आणि मित्रमंडळींतल्या सगळ्यांनी एकच स्पेलिंग ठरवून पाठवावे. फर्माईश एका ओळीची असली तरी चालते. भावनेचे मोठे पत्र लिहिण्याची गरज नसते, पण वर्ष चुकवू नये.

परदेशी किंवा दाक्षिणात्य चित्रपटाचे मराठी डबिंग हवे असेल, तर ती मागणी निराळी. चित्रपट सेवेवर आधीच असतो, त्यामुळे ती मदत विभागाकडे भाषेचा स्पष्ट उल्लेख करून करावी.

आणखी एक गल्लत वरचेवर होते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक ओटीटी सेवेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याने तक्रारीचा निर्णय १५ दिवसांत द्यायचा असतो. ही मुदत वाचून काही प्रेक्षक त्याच्याकडेच फर्माईश पाठवतात. ती व्यवस्था दाखवलेल्या मजकुराविषयीच्या तक्रारींसाठी, म्हणजे वयोगटाचे वर्गीकरण किंवा आक्षेपार्ह दृश्य अशा बाबींसाठी आहे. न दाखवलेल्या चित्रपटाची मागणी तिथे बसत नाही.

हक्कधारकाकडे फर्माईश : जुन्या मराठी चित्रपटासाठी हा मार्ग अधिक फलदायी, तरी सर्वांत कमी वापरला जाणारा. मोठ्या सेवा अनोळखी माणसाने परस्पर पाठवलेला चित्रपट स्वीकारत नाहीत, तो मध्यस्थ कंपनीमार्फत यावा लागतो. निर्मात्याच्या वारसांना पुष्कळदा हे ठाऊकच नसते. कोल्हापुरात मात्र हे वारस अनोळखी नसतात. कुणाचा मुलगा शाळेतला वर्गमित्र असतो, कुणाची सून शेजारच्या गल्लीत राहते. ‘काका, वडिलांच्या पिक्चरची निगेटिव्ह कुठं आहे?’ हा प्रश्न घरी जाऊन विचारता येतो. डबे माळ्यावर पडले असतील तर ते उघडण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. संग्रहालयाची स्थापना १९६४ ची असून २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली जुन्या चित्रपटांचे डिजिटायझेशन आणि पुनर्स्थापना तिथे चालते. डबे उन्हात ठेवू नयेत. झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर आतली ॲसिटेट फिल्म (नायट्रेटनंतर वापरात आलेली) कुजू लागली आहे असे समजावे, आणि तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवावा.